बसणाऱ्यानेच करावी खुर्ची

खुर्ची म्हटली की आपल्याकडे लोकांना मंत्रालय आठवते. त्या खुर्चीविषयी मला काही म्हणायचे नाही. ती जोडणारे आणि मोडणारे कारागीर निराळे आहेत. मी लिहितो आहे ते आरामखुर्चीविषयी. जिच्यात पाठ टाकून, पाय पसरून, दिवाळीच्या दुपारी असा एखादा अंक उघडावा आणि तिसऱ्या पानावर डोळा लागावा, ती. (संपादकांनी हे वाक्य मनावर घेऊ नये.)

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: ज्याला आरामखुर्चीत बसायचे असेल त्याने आयुष्यात एकदा तरी ती स्वतःच्या हाताने करावी. विकत आणू नये, करवून घेऊ नये. परसातल्या पडवीत करवत, रंधा आणि पटाशी घेऊन, रविवार आणि सुट्या खर्चून करावी. हे मी चारचौघांत बोललो की एक गृहस्थ हसतात, दुसरे कीव करतात आणि तिसरे रागावतात. हसणाऱ्यांशी माझे भांडण नाही. बाकीच्या दोघांशी आहे, आणि ते आज मी निकराने भांडणार आहे.

आधी ती खुर्ची कशी असते ते सांगितले पाहिजे, कारण घरातल्या लहानांनी ती कदाचित जुन्या चित्रपटातच पाहिली असेल. पाठ आणि बैठक मिळून एकच लांब उतार. त्यावर वेताची जाळी. दोन्ही अंगांना ताटली ठेवता येईल असे रुंद हात. आणि त्या हातांखाली दडलेल्या, फिरवून पुढे काढता येणाऱ्या दोन फळ्या. फळ्या काढाव्या आणि त्यांवर पाय टाकावे. इंग्रजी अमदानीत चहा-कॉफीच्या मळ्यांवरील साहेबांच्या व्हरांड्यांत ती असे, डाकबंगल्यांत असे. गोव्याच्या जुन्या घरांतून तिला ‘व्होल्तेर’ म्हणतात. लेखणी कधी खाली न ठेवणाऱ्या त्या फ्रेंच लेखकाचे नाव पाय पसरण्याच्या आसनाला लाभावे, याची मला नेहमी मौज वाटते.

आमच्या कोकणात ती ओटीवर आली. ओटीवर तिच्यात बसत कोण? खोत, वकील, मामलेदार, पुढे पेन्शनीत निघालेले शिरस्तेदार. घरातली बाई तिच्यात बसलेली मी लहानपणी पाहिली नाही. ती तिच्यावरची धूळ पुसत असे. आणि जो मेस्त्री ती घडवी, तो ती ओटीवर ठेवून अंगणात जाऊन उभा राही. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. बलुतेदारीचा सारा पसारा त्यात वाचायला मिळतो. सुतारावाचून नांगर चालत नसे, पण त्याचे बलुते खळ्यावर धान्यात मिळायचे, तेही मागून घेतल्यावर. खुर्चीत बसणारा आणि खुर्ची करणारा यांच्यामध्ये ओटीच्या तीन पायऱ्या होत्या, आणि त्या पायऱ्या चिऱ्याच्या असल्या तरी चिऱ्यापेक्षा टणक होत्या. ओटी गेली, फ्लॅट आले. पायऱ्या मात्र आपण डोक्यात घेऊन वर चढलो.

नाहीतर कीव करणाऱ्या गृहस्थांचा प्रश्न समजतच नाही. ते विचारतात, “गुरुजी, शिकल्यासवरल्या माणसाने रंधा मारायचा म्हणजे काय? कादंबऱ्या लिहिता, लिहा की!” जणू काही रंधा मारल्याने अक्षर बिघडते. हा प्रश्न सज्जनपणाने विचारला जातो, म्हणून त्यातले विष ध्यानात येत नाही. हात एका जातीचे आणि डोके दुसऱ्या जातीचे, ही आपली जुनी वाटणी. हा प्रश्न त्या वाटणीचाच नातू आहे. त्याला पांढरा सदरा घातला आहे एवढेच.

आणि असे नाही की कोणी आपल्याला सांगितले नव्हते. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले त्यात मुलांना लिहिण्या-वाचण्या-हिशेबाबरोबर शेतकीचे प्राथमिक ज्ञान द्या असे मागितले. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या भाऊराव पाटलांनी मुलांना कमवा आणि शिका म्हटले. गांधींनी १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला परिषद भरवली आणि हस्तव्यवसायातूनच शिक्षण द्यावे असे मांडले. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा अभ्यासक्रमही आखून दिला. १९६४ ते १९६६ चा कोठारी आयोग आला, त्याने कार्यानुभवाची शिफारस केली. तिकडे फिनलंडात १८६६ सालीच लोकशाळांत हस्तकला सक्तीची झाली होती. आपण काय केले? कार्यानुभवाचा तास वेळापत्रकात घातला आणि गणिताच्या मास्तरांना तो उसना दिला. वर्षाअखेरीस मुलगा एक शोभेची वस्तू आणतो. पूर्वी ती थर्माकोलची असे, आता पुठ्ठ्याची असते. बहुधा ती आईने केलेली असते किंवा दुकानातून आणलेली. आम्ही मास्तर तिला श्रेणी देतो. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना ठेवावे, आणि मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्या हाताखाली शिकावे असे सुचवले. सुताराचे नाव पहिले आहे, याचा आनंद मानावा. पण दहा दिवस! तीन वर्षांत दहा दिवस! एवढ्या दिवसांत पटाशीला धार लावणेसुद्धा अंगवळणी पडत नाही.

मी एकदा दहावीच्या वर्गात विचारले, गुण्या जवळ नसताना चौकट काटकोनात आहे की नाही हे कसे पाहाल? पायथागोरसचा सिद्धांत झोपेतून उठवले तरी म्हणणारी मुले माझ्या वर्गात आहेत. एकही बोट वर झाले नाही. चौकटीचे दोन्ही कर्ण दोरीने मोजावे. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून कर्णही सारखे भरले की झाली चौकट काटकोनात. हे मला ज्यांनी दाखवले ते मेस्त्री चौथीतून शाळा सोडलेले आहेत.

खुर्ची करायला बसले की अशी शाळा रोज भरते. नवे सागवान मास्तराच्या पगारात बसत नाही, म्हणून उतरवलेल्या जुन्या घराची तुळई घ्यावी. ते लाकूड वर्षानुवर्षे सुकून स्थिरावलेले असते. मात्र त्याच्या पोटात खिळे असतात, आणि एक खिळा लागला की रंध्याचे पाते कामातून जाते. आधी त्यावरून लोहचुंबक फिरवावे. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, पण रुंदीत आकसते आणि पावसाळ्यात फुगते. मग मागच्या पायाचा बाक. तो कापताना लाकडाची रेषा बाकाबरोबर धावली पाहिजे. आडवी तुटली तर पाय नेमका तिथेच, बसणाऱ्याच्या वजनाने मोडतो. योग्य रेषेचा तुकडा शोधण्यात मेस्त्री अर्धा दिवस घालवीत, आणि पाहणाऱ्याला वाटे की माणूस नुसता विडी ओढत बसला आहे.

सांधे हा या कामाचा प्राण. एका लाकडात खोबण पाडायची, दुसऱ्याच्या टोकाला तिच्यात नेमके बसेल असे कुसू ठेवायचे. खोबण लाकडाच्या जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकी रुंद. त्याहून मोठी पाडली तर भिंती दुबळ्या होतात, लहान पाडली तर कुसू दुबळे होते. हाताने दाबून कुसू निम्मे आत जावे आणि उरलेले लाकडी मोगरीच्या ठोक्यांनी जावे, अशी परीक्षा. मग सरस लावायचा, आरपार भोक पाडून लाकडी खुंटी ठोकायची. खिळा नाही, स्क्रू नाही. माझ्या खुर्चीत असे वीस सांधे आहेत. बैठकीची पुढची कड जमिनीपासून १६ इंच आणि मागची ११ इंच. या पाच इंचांच्या उतारात सारा आराम आहे. दोन इंच ठेवले तर ती कचेरीतली खुर्ची होते, आठ ठेवले तर आजोबांना उठवायला दोन माणसे लागतात.

वेताचे काम माझ्या बायकोने शिकून घेतले आणि ते माझ्या सुतारकामापेक्षा सरस उतरले, हे मी तिच्या सांगण्यावरून लिहीत नाही. वेत हा बांबूचा भाऊ नव्हे; तो ताडामाडाच्या कुळातला काटेरी वेल. त्याच्या साली भिजवून घ्यायच्या. चौकटीच्या कडेने अर्ध्या-अर्ध्या इंचावर भोके पाडलेली असतात. दोन फेऱ्या उभ्या, दोन आडव्या, मग दोन तिरक्या, एक या अंगाने आणि एक त्या. सहाव्या फेरीला जाळीत अष्टकोनी डोळे उमटतात. वाळताना वेत आखडतो आणि सारी जाळी तबल्याच्या पुडीसारखी ताणते. शेवटी चपडी लाख स्पिरिटात विरघळवून कापडाच्या बोळ्याने पॉलिश. एक हात दिला, वाळू दिला, घासला, पुन्हा दिला. हे काम घाईच्या माणसाचे नाही.

आता रागावणारे गृहस्थ. ते म्हणतात, “तुम्ही पगारदार लोक सुताराचे काम करू लागलात तर सुताराने खायचे काय?” कळवळा मोठा आहे. पण हेच गृहस्थ खुर्ची दुरुस्त करायला मेस्त्रींना बोलावतात तेव्हा शंभर रुपयांसाठी तासभर घासाघीस करतात, आणि नवी घ्यायची वेळ आली की दुकानातून तरफ ओढल्यावर मागे कलणारी, आतून भुशाच्या फळीची आणि वरून रेक्झिनची गुबगुबीत खुर्ची हप्त्यावर आणतात. भुशाची फळी म्हणजे लाकडाचा चुरा रासायनिक गोंदाने दाबून केलेली फळी. तिला कोकणातला पाऊस लागला की ती भिजलेल्या पावासारखी फुगते. तिच्यात खोबण पाडता येत नाही, मोडली तर सांधता येत नाही. सुताराचे पोट कोणी मारले? मी एक खुर्ची केली म्हणून, की आपण सर्वांनी सांध्याची किंमत द्यायचे सोडले म्हणून? ज्या हातांना वीस सांध्यांची खुर्ची येत होती त्यांना आपण प्लायवुडवर सनमायका चिकटवायला बसवले आहे. माझी खुर्ची अकरा रविवार आणि दिवाळीची अख्खी सुटी धरून सव्वीस दिवसांत झाली. सव्वीस दिवसांना सुताराच्या आजच्या रोजाने गुणून पाहा, मग घासाघीस करायला तोंड उघडा. मी गुणले आहे. त्या दिवसापासून आमच्या घरी मजुरीवर वाद होत नाही.

पण एक आक्षेप असा आहे की त्यापुढे मला आवाज चढवता येत नाही. तो मेस्त्रींचाच आहे. ते एकदा माझ्या पडवीत बसून चहा पिताना म्हणाले, “गुरुजी, तुमचा हा छंद. आमचा तो जाच होता. माझ्या बापाला कोणी विचारले नव्हते, बाबा, तुला हे आवडते काय?” त्यांचा मुलगा आज एका कंपनीत हिशेब लिहितो, आणि त्याने करवत हातात धरू नये यासाठी मेस्त्रींनी जन्मभर करवत ओढली. याला उत्तर म्हणून ‘श्रमाची प्रतिष्ठा’ हे दोन शब्द मेस्त्रींच्या तोंडावर फेकणे मला शरमेचे वाटते. हे शब्द नेहमी खुर्चीत बसलेल्यांच्याच तोंडी ऐकले आहेत. मी त्यांना एवढेच म्हणालो, “मेस्त्री, तुमच्या मुलाने करवत सोडली हे योग्यच झाले. वकिलाच्या मुलाने ती कधी धरली नाही, हे अयोग्य झाले.” जात म्हणून कोणाच्या माथी काम मारू नये, आणि जात म्हणून कोणाला त्यातून सूटही देऊ नये. सगळ्या मुलांनी शिकावे, मग ज्याला आवडेल त्याने ते पोटासाठी करावे आणि त्याचे पुरते दाम घ्यावे. मेस्त्री पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग कप खाली ठेवून म्हणाले, “वकिलाचा मुलगा पटाशी उलटी धरील.” मी म्हणालो, “सुरुवातीला सगळेच धरतात.”

खुर्ची पुरी झाली तेव्हा तिच्यात पहिल्यांदा कोणी बसायचे असा प्रश्न घरात निघाला. मेस्त्रींना बोलावले. त्यांनी आधी ती उलटी करून सगळे सांधे अंगठ्याने चाचपले. “बसा,” म्हटले तर बसेनात. सत्तरी उलटलेला माणूस, साठ वर्षांत अशा किती केल्या याची गणती नाही, आणि एकीतही बसलेला नाही. शेवटी माझ्या मुलीने त्यांचा हात धरून बसवले. त्यांनी फळ्या काढल्या, पाय टाकले, डोळे मिटले आणि म्हणाले, “ही अशी असते होय!”

तेव्हा मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक शाळेत सहावीपासून दहावीपर्यंत आठवड्याला दोन तास लाकूडकाम, मुलांना आणि मुलींना सारखेच. शिकवायला गावातला मेस्त्री, मास्तरांच्या बरोबरीने मानधन घेणारा, आणि शिक्षकांच्या खोलीत मास्तरांच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा. सहा करवती, सहा पटाशा, दोन रंधे, एक शिकंजा आणि जुन्या तुळयांचे तुकडे एवढ्यावर वर्ष निघते. स्नेहसंमेलनाच्या मांडवाला याहून जास्त पैसा लागतो. पालकांच्या सभेत मी हे बोललो तेव्हा एक बाई काळजीने उठून म्हणाल्या, “सर, मुलांची बोटे कापतील.” कापतील. आयोडीनची बाटली मी कपाटात आणून ठेवली आहे.