पुढचे पाहून आलेला मास्तर

पेरणी फसली की घरातले म्हातारे म्हणतात, "चार दिवस आधी कळले असते तर!" कांदा विकून टाकला आणि पुढच्याच आठवड्यात भाव चढला, तरी पुन्हा तेच. पुढचे दिसावे, ही इच्छा शेतकऱ्याइतकी दुसऱ्या कोणाला असेल? म्हणून मंडळी, आज अशा एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगतो, की ज्याला पुढची शेकडो वर्षे दिसत होती. एवढे दिसत असूनही त्याने एका पोराला काय दिले, ते पाहण्यासारखे आहे.

गोष्ट इंग्लंडातली आणि तीही कार्टूनच्या सिनेमातली. 'द स्वोर्ड इन द स्टोन', म्हणजे दगडातली तलवार, असे सिनेमाचे नाव. अमेरिकेतल्या वॉल्ट डिस्ने यांच्या कंपनीने तो 1963 च्या नाताळात पडद्यावर आणला. डिस्ने 1966 साली वारले. त्यांच्या हयातीत लोकांपुढे आलेला हा शेवटचा मोठा कार्टूनपट. कार्टून म्हणजे पोरखेळ असे कोणी समजू नये. पडद्यावर एका सेकंदात 24 चौकटी सरकतात. सव्वा तासाच्या वर चालणाऱ्या या सिनेमात अशा लाखाहून अधिक चौकटी आहेत, आणि त्यातली माणसे, पाखरे, मासे सगळे माणसांनी हाताने काढलेले.

आपल्याकडे विक्रमादित्याच्या जशा गोष्टी, तशा इंग्रजांकडे आर्थर राजाच्या. हा राजा खरोखर होऊन गेला की नाही यावर जाणत्यांचे एकमत नाही. झाला असेल तर दीड हजार वर्षांमागे. त्याच्या गोष्टी लोकांच्या तोंडी होत्या, पुढे त्या लिहिल्या गेल्या. दगडातून तलवार उपसली म्हणून तो राजा झाला, ही कथा इसवी सन 1200 च्या सुमारास त्यात आली. 1485 साली थॉमस मॅलरी याने लिहिलेला ग्रंथ छापला गेला आणि आर्थर घरोघर पोहोचला. आर्थरबरोबर त्याचा जादूगार मर्लिन हाही आलाच.

सिनेमा बेतला आहे तो टी. एच. व्हाइट या लेखकाच्या 1938 सालच्या पुस्तकावर. हा व्हाइट जन्माने आपल्या मुंबईचा बरे का! 1906 साली तो मुंबईत जन्मला. वडील इथे पोलीस खात्यात होते. लहानपणीच त्याला विलायतेला नेले. मोठेपणी त्याने शाळेत मास्तरकी केली, मग ती सोडून लिहायला बसला. त्याचा जादूगारही मास्तरच निघाला, यात नवल नाही.

व्हाइटने या मर्लिनला एक विलक्षण खोड दिली. तुम्हीआम्ही सकाळकडून संध्याकाळकडे जातो, तर पुस्तकातला मर्लिन संध्याकाळकडून सकाळकडे जातो. त्याचे आयुष्यच उलटे चालते. आपल्याला काल आठवतो, त्याला उद्या आठवतो. सिनेमात हे थोडे सोपे केले आहे. तिथे मर्लिनबुवा शतकांच्या पुढे जाऊन येतात. विमान काय, वीज काय, नळाचे पाणी काय, सारे त्यांनी पाहिलेले. राहतात मात्र रानातल्या एका मोडक्या झोपडीत, आणि आपल्या काळाला नावे ठेवत विहिरीचे पाणी शेंदतात.

आता तो पोरगा. त्याला सगळे 'वॉर्ट' म्हणतात. वॉर्ट म्हणजे चामखीळ. खरे नाव आर्थर, पण ते कोणाच्या तोंडी नाही. आईबाप नाहीत. एक्टॉर नावाच्या सरदाराच्या गढीत तो वाढतो. एक्टॉरचा स्वतःचा मुलगा केय, अंगाने दांडगा आणि मनाने ऐदी. केयने सरदार व्हायचे आणि वॉर्टने मुदपाकखान्यात भांडी घासायची, हे ठरलेलेच. एक्टॉर वाईट माणूस नाही. पोराला त्याने घरात ठेवले आहे, जेवू घातले आहे. फक्त हा पोरगा भांड्यांपलीकडे काही करील, असे त्याच्या मनात कधी आलेले नाही.

एक दिवस केयचा हरणावरचा नेम वॉर्टमुळे चुकतो. रानात गेलेला बाण शोधायला वॉर्टच जातो, आणि छपरातून थेट मर्लिनच्या झोपडीत पडतो. कोणीतरी येणार, हे मर्लिनबुवांना आधीच ठाऊक होते. केव्हा येणार तेही ठाऊक होते. कोण येणार, तेवढे मात्र ठाऊक नव्हते!

मर्लिन पोराचा मास्तर होऊन गढीत येतो आणि शिकवणी सुरू होते. पृथ्वीचा गोल पुढे ठेवून तो सांगू लागतो, पृथ्वी वाटोळी आहे, ती सूर्याभोवती फिरते. ही गोष्ट पोराने कधी ऐकलेली नाही. पोरगा गोंधळून जातो. तेव्हा मर्लिनचे पाळलेले घुबड, आर्किमिडीज त्याचे नाव, पुढे सरसावते आणि साधा प्रश्न विचारते: तुला वाचता येते का? नाही. लिहिता येते का? तेही नाही. झाले, घुबड सगळे बाजूला सारून अक्षरे गिरवायला बसवते. आपल्याकडे घुबडाला अशुभ मानतात. शेतातले उंदीर खाऊन ते आपले धान्य वाचवते, हे आपण विसरतो. या सिनेमात तर सगळ्यांत शहाणे तेच आहे. पुढच्या हजार वर्षांचे ज्ञान दाराशी आले तरी ते अक्षराच्या दारातूनच आत येणार, हे मर्लिनच्या आधी घुबडाला उमगले.

एक धडा पाण्यात. मर्लिन पोराला मासा करून गढीच्या खंदकात सोडतो. एक मोठा दांडगा मासा गिळायला मागे लागतो. जादू ऐन वेळी कामाला येत नाही. अंगात जोर नसेल तर डोके चालवावे लागते, हे पोराला तिथे जिवावर बेतून कळते. पुढे खार होऊन झाडावर, मग चिमणीएवढे पाखरू होऊन आभाळात. प्रत्येक वेळी कोणीतरी मोठे लहानाला खायला टपलेले. जो पुढे राजा होणार, त्याने आधी लहान जिवाची धास्ती अनुभवलेली बरी.

मधल्या वेळात मर्लिन भांडी जादूने घासायला लावतो. ताटल्या, पातेली, कुंचे आपोआप नाचू लागतात. आपल्या आयाबहिणींना हे दृश्य फार आवडेल! पण परिणाम काय? एक्टॉर बघतो, संतापतो आणि शिक्षा होते ती पोरालाच. पुढच्या काळातली सोय आजच्या घरात आणायची तर घरच्या माणसांची मनेही तयार व्हावी लागतात. यंत्र आणले, औषध आणले, नवे बियाणे आणले आणि घरात कोणाला समजावूनच सांगितले नाही, तर काय होते ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

मर्लिनची मोठी झुंज होते ती मॅडम मिम या दुष्ट जादूगारणीशी. दोघे वेगवेगळ्या प्राण्यांची रूपे घेऊन एकमेकांवर धावतात. शेवटी मिम आग ओकणारा प्रचंड राक्षसी सरडा होते. मर्लिन काय होतो? डोळ्यांना न दिसणारा रोगाचा जंतू! मिमच्या अंगावर ठिपके उठतात, ताप भरतो आणि ती अंथरुणाला खिळते. भुरी आणि तांबेरा उभे पीक कसे खातात हे ज्याने पाहिले आहे, त्याला ही झुंज समजावून सांगायला नको.

आता खरी गंमत ऐका. केय सरदार होतो. त्याची शस्त्रे सांभाळणाऱ्या हुजऱ्याला गालगुंड होतात आणि ते काम वॉर्टकडे येते. पोरगा हरखून जातो. मर्लिन मात्र भडकतो. एवढे शिकवले ते केयची हत्यारे वाहायला? रागाच्या भरात तो विसाव्या शतकातल्या बर्म्युडा बेटाकडे उडून जातो. पोरगा एकटा पडतो.

लंडनला नव्या वर्षाच्या दिवशी भाल्यांची झुंज असते. जिंकेल तो इंग्लंडचा राजा. केयची तलवार खानावळीतच राहिली, हे वॉर्टच्या ध्यानात येते. धावत जातो तर खानावळ बंद. घुबडाला जवळच्या देवळाच्या आवारात तलवार दिसते. दगडावर ऐरण, ऐरणीत रुतलेली तलवार. जो उपसील तो राजा, असा तिच्यावर लेख. पण पोराच्या मनात राज्य नाही, केयची अडलेली गरज आहे. तो ती उपसतो. लोकांना खरे वाटत नाही. तलवार परत ऐरणीत घालतात. केय ओढतो, दुसरे दांडगे ओढतात, ती हलत नाही. वॉर्ट ओढतो आणि ती सहज येते. एक्टॉर गुडघे टेकून त्याची क्षमा मागतो.

मंडळी, इथे थोडे थांबा. ज्या हुजरेगिरीवरून मर्लिन रुसून गेला, तीच वाट तलवारीपाशी जाणारी होती. विमाने पाहिलेल्या, शतके ओलांडलेल्या म्हाताऱ्याला पुढ्यातल्या पोराचा उद्याचा दिवस दिसला नाही. मग त्याची विद्या फुकट गेली का? तसेही नाही. राज्यावर बसवलेला आर्थर जड मुकुट सावरत घाबरून जातो. पळून जावे म्हणतो, तर प्रत्येक दारापुढे जयजयकार करणारी गर्दी. तेव्हा तो हाक मारतो ती मास्तरला. मर्लिन परत येतो, बर्म्युडाची अर्धी चड्डी आणि काळा चष्मा घालून! तलवार हाताने निघाली, पण राज्य नुसत्या हाताने चालत नाही.

सिनेमा करणाऱ्यांनाही काळाने आपला इंगा दाखवलाच. आर्थरला आवाज देणारा मुलगा सिनेमा पुरा होण्याआधीच वयात आला आणि त्याचा आवाज फुटला. मग दिग्दर्शक वुल्फगांग राइदरमन यांनी आपल्या दोन मुलांचे आवाज घेतले. म्हणून पडद्यावरच्या एका आर्थरच्या गळ्यात तीन मुलांचे आवाज आहेत. लेखक व्हाइटही सिनेमा आल्यावर महिनाही जगला नाही. जानेवारी 1964 मध्ये तो वारला.

मुलांबरोबर हा सिनेमा पाहायला मिळाला तर जरूर पाहा. मुले मासे आणि घुबड पाहून हसतील. तुम्ही त्या भांडी घासणाऱ्या पोराकडे पाहा. आपल्या घरातही असा एखादा वॉर्ट असतो. बहिणीमागे राहिलेला तिचा मुलगा असेल, नाही तर भावाला शाळेत पाठवून स्वतः गुरांमागे जाणारी थोरली मुलगी असेल. आपण तिला जेवू घालतो, सणाला कपडा घेतो आणि आपले काम झाले असे समजतो. एक्टॉरही तेवढेच करत होता. आणि तो वाईट माणूस नव्हता.

उद्या पाऊस कसा पडेल, भाव काय मिळेल, ते तुम्हांला मला आजच पक्के सांगता येणार नाही. त्या मुलीला अक्षर येते का, एवढे मात्र आज रात्री जेवणे झाल्यावर विचारता येईल.