कट्यारीचे चाहते आणि झाडीपट्टीचा हिशेब

पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक २४ डिसेंबर १९६७ रोजी रंगमंचावर आले. त्यावरील चित्रपट १२ नोव्हेंबर २०१५ रोजी, ऐन दिवाळीच्या पाडव्याला, प्रदर्शित झाला. त्याला मोठे यश लाभले, आणि मरू घातलेल्या संगीत नाटकास चित्रपटाने जीवदान दिले, असे निदान अनेक जाणकारांनी केले. भंडारा जिल्ह्यातून पाहता हे निदान टिकत नाही. पाडव्याच्याच सुमारास वैनगंगेच्या खोऱ्यात धानाची कापणी होते, गावोगावी मंडई भरू लागते आणि झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. ती होळीपर्यंत चालतात. लाखांदूर-साकोलीकडील शेतकरी आणि शेतमजूर तिकीट काढून, अंगावर चादर ओढून, गाण्यांनी भरलेले नाटक रात्रभर पाहतो. ज्याची ही सवय कधी मोडलीच नाही, त्याला संगीत नाटक मेले होते हे सांगणार कोण? चित्रपटाने येथे श्रोता घडविला नाही. त्याला तो तयार मिळाला.

शिवाय ‘कट्यार’ ही विदर्भाला परकी नव्हे. दारव्हेकर मास्तर नागपूरचे. खाँसाहेबांची भूमिका अजरामर करणारे वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरला जन्मले आणि नागपुरात वाढले. जितेंद्र अभिषेकींनी स्वरबद्ध केलेली पदे आकाशवाणीवरून घरोघर पोहोचली. नाटक मात्र तितके पोहोचले नाही. पदे पाठ आहेत पण प्रयोग कधी पाहिला नाही, अशी माणसे या जिल्ह्यात पुष्कळ निघतील. २०१० साली वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी नाटक पुन्हा उभे केले आणि पुढे चित्रपट आला, तेव्हा या मंडळींत वाद रंगले ते साहजिकच. आजोबांची तान श्रेष्ठ की नातवाची? नवी गाणी जुन्या पदांशेजारी शोभतात काय? चित्रपटाने खाँसाहेबांना नाटकापेक्षा काळ्या रंगात रंगविले, ही जुन्या चाहत्यांची तक्रार तर रास्तच आहे. नाटकातील खाँसाहेब हा कलेपुढे हरणारा माणूस आहे, खलपुरुष नव्हे. असे वाद घालणाऱ्यांना ‘सिनेमाचे प्रेक्षक’ म्हणून हिणविणे हा निव्वळ उद्धटपणा होय.

मग हा चाहता पडद्यापाशीच का थांबतो? उत्तर रुचीत नाही, अर्थशास्त्रात आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली, ‘कट्यार’ येण्याच्या आदल्याच वर्षी, प्रयोगकलांच्या आर्थिक कोंडीवर ग्रंथ लिहिला. कारखान्यात यंत्राने दरडोई उत्पादन वाढते व त्याबरोबर मजुरीही वाढते. परंतु गायकाचा ख्याल निम्म्या वेळात उरकता येत नाही आणि तबलजी कमी करता येत नाही. म्हणून प्रयोगाचा खर्च इतर वस्तूंच्या मानाने चढतच जातो. चित्रपट एकदा तयार झाला की पुढच्या प्रेक्षकामागे खर्च जवळजवळ शून्य. नाटकाला मात्र नट, साथीदार, नेपथ्य, प्रवास यांचा खर्च दर रात्री नव्याने करावा लागतो. परिणामी प्रयोग मोठ्या नाट्यगृहांच्या शहरांत अडकतो. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर; तिकीट, गाडीभाडे आणि रात्रीची परत फेरी हा बोजा बिडीकामगाराच्या कुटुंबाने कसा पेलावा? सदाशिवाला खाँसाहेबांची विद्या मिळू नये म्हणून घराण्याची भिंत आड येते, हीच तर ‘कट्यारी’ची कथा, तुमसर-पवनीच्या श्रोत्याच्या आड भिंत पैशाची आहे.

झाडीपट्टीने या कोंडीतून आपली वाट काढली आहे. गावचे मंडळ देसाईगंज-वडशाच्या कंपनीशी रक्कम ठरवून नाटक आणते, उघड्या मैदानात मोठा समुदाय बसतो आणि खर्च अनेकांत वाटला जातो. या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिची किंमत कोण मोजतो हे मात्र विसरू नये. कलावंताला काम हंगामापुरते. होळी ते दिवाळी तो रिकामा. करोनाच्या काळात तोही आधार तुटला. २०२३ साली डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, ही आनंदाची गोष्ट. पण एका सन्मानाने शेकडो वादकांचे आषाढ-श्रावण निघत नाहीत.

शासनाला संगीत नाटकाची खरोखर कळकळ असेल तर मंडईच्या दिवसांत ‘कट्यार’ पवनीच्या किंवा तुमसरच्या मैदानात आणावी. तिकीट झाडीपट्टीच्या दराचे असावे, तूट सरकारी तिजोरीने सोसावी, आणि साथीला येथील वादक पुऱ्या मोबदल्यावर घ्यावेत. रागदारीने भरलेले नाटक खेड्यात कोण ऐकणार, हा प्रश्न विचारणाऱ्यांनी आधी एकदा झाडीपट्टीच्या मैदानात पहाटेपर्यंत बसून पाहावे.