उन्हाळी, कर्करोग आणि मधली गाठ

मराठवाड्यातल्या गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगावसारख्या गावात लघवी लाल झाली की आधी उन्हाळी लागली म्हणतात, मग मूतखड्याची शंका घेतात. धने-जिऱ्याच्या पाण्यावर चार दिवसांत रंग निवळला की विषय मिटतो. पुढे कधी पुन्हा रक्त दिसून सोनोग्राफीत मूत्राशयाच्या अस्तरावर गाठ निघाली, तर त्याच घरावर एकाच संध्याकाळी कर्करोगाचे सुतक उतरते. त्या अस्तरावर क्वचित उगवणाऱ्या निरुपद्रवी गाठीही असतात, हे मधले सत्य दोन्ही वेळा हुकते; आणि वैद्यकशास्त्राचा इतिहास पाहता गावाला दोष देण्याचा अधिकार फारसा कोणाला उरत नाही.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताच्या, म्हणजे लघवी अडण्याच्या, बारा प्रकारांत मूत्रग्रंथी आली आहे: बस्तीच्या (मूत्राशयाच्या) मुखाशी आतून अकस्मात उद्भवणारी, लहान, वाटोळी, स्थिर गाठ, जिची लक्षणे अश्मरीसारखी, म्हणजे मूतखड्यासारखी. गाठ आणि खडा यांची गल्लत होते, ही नोंद इतकी जुनी आहे. जिवंत माणसाच्या मूत्राशयात नीट डोकावता येण्यासाठी मात्र १८७९ साली माक्स निट्झेची दुर्बीण यावी लागली.

दिसू लागले, तरी निवाडा सुटला नाही. १८९५ मध्ये लुडविग रेन यांनी फ्रँकफर्टच्या रंग-कारखान्यातील कामगारांच्या मूत्राशयातील अर्बुदे नोंदवली. १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या एडविन बीअर यांनी दुर्बिणीतूनच विद्युत्प्रवाहाने पॅपिलोमा नावाच्या गाठी जाळून दाखवल्या. पण हे मऊ, झालरीसारखे पॅपिलोमा निरुपद्रवी मानायचे, की ते पुनःपुन्हा उगवतात म्हणून कर्करोगातच जमा करायचे, यावर विसाव्या शतकाचा मोठा भाग दोन पक्ष भांडत राहिले. १९९८ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीने पॅपिलोमाची व्याख्या इतकी आवळली की मागच्या पिढीने त्या नावाखाली घातलेल्या बऱ्याच गाठी दुसऱ्या खणात गेल्या. आज हा पॅपिलोमा दुर्मीळ आहे, त्यात निसर्गाइतकाच या खणबदलाचाही हात आहे.

अधिक फसव्या गाठी वेगळ्याच. १९२७ मध्ये पाश्किस यांनी वर्णिलेला आणि १९६३ मध्ये पॉट्स व हर्स्ट यांनी नामकरण केलेला उलटा पॅपिलोमा बाहेरून गुळगुळीत असतो आणि आतल्या दिशेने वाढतो. आत शिरणे हीच कर्करोगाची खूण मानणाऱ्या डोळ्याला तो सहज चकवतो. १९५० साली नाव मिळालेला नेफ्रोजेनिक अ‍ॅडिनोमा खडा, शस्त्रक्रिया, नळी किंवा जुनाट संसर्ग यांनी दुखावलेल्या अस्तरावर दिसतो. अस्तरच आपले रूप पालटते, अशी समजूत अर्धशतक चालली; २००२ मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांनी मूत्रपिंड-प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांतील अशा गाठी तपासल्या, तेव्हा पेशी दात्याच्या निघाल्या. मूत्रपिंडाच्या नलिकांतून सुटलेल्या पेशी खाली जखमेवर रुजल्या होत्या. मूतखड्याच्या मुलखात हा शोध पाठ्यपुस्तकाच्या तळटीपेत पडून राहावा, हे मला विचित्र वाटते.

महाराष्ट्राने तपासून पाहण्याचा धडा एकदा घरातच घेतला आहे. रक्तमिश्रित लघवीचा बिल्हार्झिया हा परजीवीमुळे होणारा रोग आफ्रिकेचा समजला जाई. १९५२ मध्ये गाडगीळ व शहा यांनी रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात त्याचा स्थानिक प्रादुर्भाव दाखवला. या परजीवीची अंडी मूत्राशयाच्या भिंतीत अडकून गाठीसारखे उंचवटे तयार करतात, आणि जुना आजार कर्करोगापर्यंतही पोचतो. तपासले म्हणून गिमवी कळले.

मराठवाड्यात तपासण्याची सोय उशिरा आली. १९४८ पर्यंत निजामी राजवट, १९५६ मध्ये औरंगाबादला पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, १९८८ मध्ये नांदेडला, २०२३ मध्ये परभणीला. दर टप्प्यावर इमारत आणि खाटा मोजल्या गेल्या. काढलेला तुकडा कोणत्या सूक्ष्मदर्शकाखाली जातो आणि अहवाल रुग्णाच्या हाती कधी पडतो, याची विचारपूस क्वचितच झाली. लघवीत वेदनेविना रक्त चाळिशीनंतर दिसले तर दुर्बीण टाळू नये, काढलेली प्रत्येक गाठ बायोप्सीला जावी, आणि अहवाल निरुपद्रवी आला तरी पुढच्या तपासणीची तारीख कागदावर लिहून द्यावी. राणीसावरगावच्या रुग्णाचा तुकडा परभणीच्या विकृतिशास्त्र विभागात पोचवून अहवाल गंगाखेडला परत आणण्याची व्यवस्था लावायला एका उद्घाटन समारंभाहून कमी खर्च येईल.