टपाल : एका जुन्या इंग्रजी शब्दाचे माहेर

के. आर. पुरममध्ये डाकघराला कन्नडात 'अंचे कचेरी' म्हणतात. चिक्कदेवराज वोडेयरांनी १६७२ साली सुरू केलेली म्हैसूरची 'अंचे' १८८९ साली ब्रिटिश टपालखात्यात विलीन झाली. शब्द मात्र टिकला. शेजारच्या दूरवाणीनगरात तर टेलिफोनचा कन्नड पर्यायच वसाहतीचे नाव होऊन बसला आहे. दक्षिणेतील इंग्रजांनी रूढ केलेला 'टप्पाल' इंग्रजीत केव्हाच जुनापुराणा झाला. दक्षिणी सरकारी कचेऱ्यांच्या आवक-जावकीत आणि 'टपाल' या रूपाने मराठीत तो सुखाने नांदतो आहे.

यूल व बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशाने (१८८६) त्याचा उगम अस्पष्ट ठरविला. तेलुगूचे अभ्यासक सी. पी. ब्राउन यांना त्यात फ्रेंच 'एताप', म्हणजे मजल, दिसला. जॉन बीम्स यांनी 'ठसा मारण्याचे घर' असा अर्थ लावला. बीम्स यांची उपपत्ती चतुर खरी. परंतु धावकांची डाक ठशावाचून चालू शकत होती, टप्प्यांवाचून नव्हे. थैली एकाने दुसऱ्याच्या हाती द्यावयाची ती टप्प्यावरच. ब्राउन यांना हवा असलेला अर्थ मराठीच्या 'टप्पा' शब्दात घरबसल्या मिळत असता फ्रान्सपर्यंत जाण्याचे प्रयोजन काय?

अर्थात ध्वनिसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. अंत्य 'ल'चा उलगडा बीम्स निदान 'आलय' जोडून करतात. 'टप्पा' एकटा तो करीत नाही. त्यासाठी मोडी दप्तरांतील या शब्दाचे जुने प्रयोग, त्यांची साले आणि स्थळे यांचीच छाननी व्हावयास हवी.