पाण्यात बंद पडलेल्या गाडीचा सेल्फ मारू नका

२८ जून २०२४ रोजी दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत २४ तासांत २२८.१ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. मिंटो ब्रिजखाली (रेल्वेच्या लेखी शिवाजी ब्रिज) नेहमीप्रमाणे तळं साचलं आणि गाड्या बुडाल्या. असा पाऊस झाला की दिल्ली, नोएडा, गुडगावच्या गॅरेजांपुढे बंद गाड्यांची रांग लागते. त्यातल्या बऱ्याच इंजिनांचं खरं नुकसान पाणी शिरल्यानंतरच्या दोन मिनिटांत झालेलं असतं.

गाडी पाण्यात बंद पडली की हात आपोआप चावीकडे जातो. मागचे हॉर्न वाजवतात, शेजारी बसलेलं माणूस ‘मारा ना एकदा सेल्फ’ म्हणतं. नेमकं तेच करायचं नाही. सिलिंडरमध्ये पिस्टन हवा दाबतो. पेट्रोल इंजिनात साधारण दहापट, डिझेलमध्ये त्याहूनही जास्त. हवा दबते, पाणी दबत नाही. आत पाणी असताना सेल्फ मारला तर वर येणारा पिस्टन पाण्यावर अडतो आणि त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी तो तुटून ब्लॉकलाच भोक पाडतो.

चावी न फिरवता गाडी ढकलत किंवा टो करून गॅरेजमध्ये नेली, तर पाणी काढून, ऑइल आणि फिल्टर बदलून सुटका होऊ शकते. मात्र गाडी वेगात पाण्यात घातली असेल, तर बंद पडतानाच रॉड वाकलेला असू शकतो.

विम्याचं गणितही इथंच बिघडतं. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं असतं, पण पाण्यात सेल्फ मारून इंजिन मोडलं, तर कंपन्या ते ‘परिणामी नुकसान’ म्हणून नाकारतात. इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम पॉलिसीत आहे का, हे पावसाळ्याआधीच पाहून ठेवा. सर्व्हेअर येण्यापूर्वी इंजिन उघडू देऊ नका. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते.

विमा मिळाला नाही तर खर्च आपल्याच खिशातून. एखाददुसरा रॉड वाकला असेल, क्रँकशाफ्ट आणि ब्लॉक शाबूत असतील, तर दुरुस्तीच करावी. ब्लॉक फुटला असेल, तर मात्र डागडुजीच्या भानगडीत पडू नये. मेकॅनिक मायापुरीचं नाव घेईल. मोडीत काढलेल्या गाड्यांची इंजिनं तिथं मिळतात आणि नव्याच्या मानानं स्वस्त पडतात. पण इंजिन कोणत्या गाडीचं, किती चाललेलं, हे विकणाऱ्यालाही सांगता येईलच असं नाही. पक्कं बिल आणि स्पष्ट वाचता येणारा इंजिन नंबर नसेल, तर घेऊ नका. चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस तुमच्याच दारी येतील. जुनं इंजिन बसवण्यापूर्वी त्याचं कॉम्प्रेशन तपासून घ्या.

दिल्लीकरांना आणखी एक हिशेब करावा लागतो, जो पुण्या-नाशिकच्या माणसाला करावा लागत नाही. एनसीआरमध्ये डिझेल गाडीला १० आणि पेट्रोल गाडीला १५ वर्षांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये कायम ठेवली. २०२५ मध्ये तिच्या अंमलबजावणीबाबत न्यायालयाचे नवे आदेश आले. गाडी बीएस-४ ची की त्याआधीची, यावरही आता बरंच ठरतं. नवं इंजिन बसवल्यानं गाडीचं वय कमी होत नाही, ते पहिल्या नोंदणीपासूनच मोजलं जातं. नऊ वर्षांच्या डिझेल गाडीत लाखभर रुपये घालण्यापूर्वी ती किती दिवस रस्त्यावर धावू शकेल, हे विचारून घ्या. तेवढ्या पैशांत एखादी जुनी पेट्रोल गाडी घेणं कधी कधी शहाणपणाचं ठरतं.

इंजिन बदललंच, तर नवा नंबर आरटीओत आरसीवर चढवून घ्या आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. आरसीवर एक नंबर आणि गाडीत दुसरा, अशी स्थिती राहिली तर पुढचा क्लेम अडकतो आणि गाडी विकतानाही गिऱ्हाईक मागे फिरतं.