भूक मरत नाही, ती वाट बघते

दिवसातून एकदाच जेवा. पंधरा दिवस त्रास होईल, मग भूक आपोआप मरेल. भूक मेली की गोडाची चटक जाईल, आणि चटक गेली की साखर, बीपी, सुटलेलं पोट, सगळं जागेवर येईल. गेले काही महिने नांदगावात स्टेशन रोडपासून बाजारपेठेपर्यंत हेच वाक्य जो तो म्हणतो आहे, तेही एकाच चालीत. ही चाल जिथून निघाली ते व्याख्यान मी समोर बसून ऐकलं आहे. वक्ते बाहेरगावचे होते, आवाज खणखणीत होता, आणि प्रश्नांसाठी वेळ ठेवलेला नव्हता.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. भूक ही निव्वळ सवय आहे. आपले पूर्वज एकदाच जेवत आणि ठणठणीत राहत. शास्त्रानं एकभुक्त सांगूनच ठेवलं आहे. उपाशी राहण्याला तर आता नोबेलही मिळालं. आणि प्रत्येक घासागणिक शरीरात इन्सुलिन सुटतं, तेव्हा ते दिवसातून एकदाच सुटू द्या. श्रोते माना डोलावत होते. त्यांतल्या कितीतरी जणांच्या खिशात साखरेच्या गोळ्यांची पाकिटं असतात हे मला ठाऊक आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी ‘भूक मरते’ याकडे वळू, कारण बाकीचा सगळा डोलारा याच एका खांबावर उभा आहे.

जठरातून घ्रेलिन नावाचं एक संप्रेरक रक्तात येतं आणि मेंदूला जेवणाची आठवण करून देतं. जपानी संशोधकांनी ते 1999 साली शोधलं. आपल्या नेहमीच्या जेवणाच्या वेळेआधी ते चढतं, आणि गंमत अशी की त्या वेळी जेवलो नाही तरी काही वेळानं उतरतं. दुपारी एकची भूक दाबून धरली की तीनला ती जाणवेनाशी होते, ती यामुळे. रोज संध्याकाळी सातलाच जेवणाऱ्याच्या शरीरात काही आठवड्यांनी दुपारची चढण बोथट होते, हेही खरं. वक्त्यांच्या सिद्धांतातलं खरं ते एवढंच. पण दुपारची भूक गेली म्हणजे भूक मेली का? ती सातच्या ठोक्यावर येऊन बसली. तिथे ती एकटी नसते, दिवसभराची थकबाकी सोबत घेऊन येते.

हे केवळ अनुमान नाही. 2007 साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मध्यम वयाची, निरोगी, वजन बेताचं असलेली माणसं घेतली. तेवढंच अन्न आठ आठवडे तीन वेळांत आणि आठ आठवडे एकाच वेळेत, अशी पाळी लावली. सुरुवातीला 21 जण होते, शेवटपर्यंत टिकले 15. एका वेळेच्या काळात वजन किंचित उतरलं, हे मान्य. पण त्याच काळात भूक जास्त लागत असल्याचं त्यांनी सांगितलं. कमी नव्हे, जास्त. शिवाय रक्तदाब आणि वाईट कोलेस्टेरॉल वाढलेलं आढळलं, सकाळची उपाशीपोटीची साखरही चढलेली. पंधरा माणसांवरून जगाचा निवाडा करू नये, मीही करत नाही. पण पंधरा दिवसांत भूक मरते असं छातीठोक सांगणाऱ्यानं निदान या दोन महिन्यांचा हिशोब द्यायला हवा होता.

मिनेसोटातला जुना प्रयोग त्याहून बोलका आहे. दुसरं महायुद्ध संपत असताना, 1944-45 मध्ये, छत्तीस धडधाकट तरुणांना सहा महिने जवळपास अर्ध्या आहारावर ठेवलं होतं. तो प्रयोग एका वेळेच्या जेवणाचा नव्हता, अपुऱ्या जेवणाचा होता, हा फरक मी लपवत नाही. पण ओढीचं काय होतं ते त्यात लख्ख दिसलं. कधी स्वयंपाकघरात न डोकावलेली पोरं पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, ताटल्या चाटू लागली. राजकारण, मुली, पुढचं शिक्षण, सगळं मागे पडलं आणि बोलण्यात फक्त अन्न उरलं. आहार पूर्ववत झाल्यावरही कितीतरी दिवस पोट फुटेस्तोवर खाऊन त्यांचं समाधान होत नव्हतं.

आता नांदगावात या. माझ्या ओळखीचे एक दुकानदार गेले काही महिने एकदाच जेवतात. चटक गेली, असं ते सर्वांना अभिमानानं सांगतात. संध्याकाळी पाचनंतर त्यांच्या गल्ल्याजवळ कोणीही उभं राहून बघावं. गिऱ्हाइकाला सुटे देताना नजर घड्याळावर. समोरच्या गाडीवर भज्यांचा घाणा पडला की बोलता बोलता वाक्य मध्येच तुटतं. सात वाजता शटर अर्धं खाली, आणि घरी ताटात तर्रीबाज शेवभाजी, चार भाकरी, वर भात, मग ‘आज एकदाच तर खातोय’ म्हणून पाव किलो जिलेबी. नऊ वाजता ते ओट्यावर पोटावर हात ठेवून बसलेले असतात. झोप लागत नाही, अशी त्यांचीच तक्रार. आणि झोप तुटली की दुसऱ्या दिवशी तेच घ्रेलिन आणखी चढतं, खा-खा वाढते, असंही काही अभ्यासांत दिसलं आहे. हा माणूस लबाड नाही. त्याला चटक गेली असं मनापासून वाटतं, कारण दिवसभर तो तोंडात काही टाकत नाही. पण दिवसभर तो विचार कशाचा करतो, हे त्याला कोणी विचारलंच नाही.

आपल्या पंचांगाला हे पुरतं माहीत होतं. चातुर्मासात कांदा वर्ज्य, म्हणून आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी. कांद्याची भजी, कांद्याची थालीपीठं, झुणका, सगळं एका दिवसात, एकादशीच्या आधी. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडगे, तेही संयमाच्या शेवटी. आमच्या कांद्याच्या तालुक्यात कांदेनवमी किती जोरात होते ते वक्त्यांनी एकदा येऊन पाहावं. वर्ज्य केलं की ओढ वाढते हे ओळखून त्या ओढीला वाट काढून देणारी ही समाजरचना आहे. वर्ज्य केल्यानं ओढ मरते असं ती कुठेही म्हणत नाही.

आणि एकभुक्ताचा दाखला देणाऱ्यांनी एकभुक्त करणाऱ्या बाईला कधी विचारलं आहे का? श्रावणी सोमवार संध्याकाळी सोडणारी, शनिवारी नस्तनपूरला शनीचं दर्शन घेऊन येईपर्यंत पाणी-चहावर राहणारी बाई ‘मला भूक लागत नाही’ असं म्हणत नाही. तिला लागते. लागत असतानाही ती थांबते, म्हणून त्याला व्रत म्हणतात. जैन घरांत एकासणं होतं, एका बैठकीत, एकदाच. तिथेही त्याची गणना तपात आहे, कारण भूक शाबूत आहे. भूक मेलेल्या माणसाच्या उपाशी राहण्यात कसलं तप? वक्त्यांनी परंपरेचा आधार घेतला आणि त्याच दमात त्या परंपरेतलं सत्त्वच काढून घेतलं. शिवाय ही व्रतं मुदतीची असतात, त्यांना उद्यापन असतं, आजारी आणि गरोदर बाईला सूट असते. जन्मभराचा एकभुक्तपणा सरसकट सगळ्यांवर लादणारं पंचांग मी तरी पाहिलेलं नाही.

दोन गोष्टी मात्र मान्य करायला हव्यात. बराच काळ अन्न न मिळाल्यावर शरीर चरबी जाळून केटोन तयार करतं, आणि त्यांनी भूक मंदावते. पण रोज संध्याकाळी भाकरी, भात आणि जिलेबी हाणणाऱ्याच्या शरीराला तिथवर नीट पोचायला वेळच मिळत नाही. दुसरं, एखादा पदार्थ महिनोन्‌महिने तोंडाला लागला नाही की त्याची ओढ खरोखर ओसरते. चहातली साखर सोडलेल्या कोणालाही हे विचारा. पण ओढ ओसरली ती साखर सोडल्यानं. त्याचा जेवणाच्या वेळा मोजण्याशी काय संबंध?

नोबेलचं एका वाक्यात: 2016 चं ते पारितोषिक पेशी स्वतःचा कचरा कसा मोडून वापरतात या शोधाला होतं, तो शोध यीस्टवर लागला, आणि यीस्टला सासुरवाडीचं आमंत्रण नसतं.

इन्सुलिनचं: एकदाच पण तिप्पट जेवलं तर ते एकदाच पण भरपूर सुटतं.

महाराष्ट्रात हा वाद पहिल्यांदा होतो आहे असंही नाही. काही वर्षांपूर्वी दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं, यावरून घराघरांत दोन पक्ष पडले होते. नवरा दोनदावाला आणि बायको दोन तासवाली असली की स्वयंपाकघरात कोणाचं गॅसवर आधी, यावर तंटे. तेव्हाही मी लिहिलं होतं की दोन्ही पक्ष वेळा मोजतात आणि ताट कोणीच बघत नाही. तेव्हाच्या दोन वेळांची आता एक वेळ झाली. उद्या कोणी एक दिवसाआड सांगेल, आणि त्यालाही सभागृह भरेल.

राहिले पूर्वज. हा मुद्दा ऐकून मला खरोखर राग आला. या अवर्षणप्रवण तालुक्यात बाहत्तरचा दुष्काळ भोगलेली माणसं अजून हयात आहेत. खडी फोडण्याच्या कामावर सुकडी, रेशनला लाल मिलो, आणि त्यातूनही पोरांना आधी. ती माणसं एकदा जेवली ती दुसऱ्या वेळचं नव्हतं म्हणून. त्यांना हा आरोग्याचा मार्ग होता असं त्यांच्या तोंडावर सांगून बघा. बरं साल असेल तेव्हा याच घरांत सकाळी न्याहारी होती, दुपारी शेतावर फडक्यात बांधलेली भाकरी होती, आणि रात्री कालवण होतं.

आजही उन्हाळ कांद्याच्या काढणीला जाणारी बाई घ्या. कष्टाचं काम करणाऱ्या बाईला दिवसाला साधारण 2,700 कॅलरी लागतात, असं आपल्याच देशातल्या तज्ज्ञांनी 2020 साली ठरवून दिलं आहे. ऐंशी ग्रॅम पिठाच्या बाजरीच्या भाकरीत पावणेतीनशेच्या आसपास कॅलरी. डाळ, तेल, भाजी धरूनही एका बैठकीत सातेक भाकरी. कोणती बाई सात भाकरी एकदम खाईल? खाणारच नाही. ती अर्धपोटी राहील आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाफ्यात वाकेल. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. ज्या घरात बाई आधीच सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं जेवते, तिथे ‘एकदाच जेवा’ हा सल्ला कोण पाळणार, हे सांगायला आहारतज्ज्ञ लागत नाही.

मग करावं काय? माझ्याकडे जादू नाही. वेळा ठरलेल्या असाव्यात, कारण घ्रेलिन वेळ पाळतं. दोन असोत, तीन असोत, पण रोज त्याच असाव्यात. दुपारच्या ताटात मठाची किंवा हुलग्याची उसळ, वाटीभर घट्ट वरण, दही, जमलं तर अंडं असावं. प्रथिनांनी पोट जास्त वेळ शांत राहतं, आणि दुपारी नीट जेवलेला माणूस पाच वाजता भज्यांच्या गाडीकडे तसा बघत नाही. रात्रीचं लवकर आणि हलकं. गोड खायचं तर जेवणासोबत, मोजून. अधूनमधून चरणं बंद. वजन खरोखर जास्त आहे, दिवसभर बैठं काम आहे, त्यानं एक वेळ हलकी केली तर बिघडत नाही. काही जणांना एकच जेवण मानवतंही. त्यांनी खुशाल करावं, पण आपलं पोट दुसऱ्याला लावू नये.

वक्त्यांना माझी मागणी एकच आहे. पुढच्या वेळी नांदगावात याल तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत हे सांगा: गरोदर बाया, अंगावर पाजणाऱ्या आया, वाढत्या वयाची पोरं, उन्हात राबणारे मजूर, आणि साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे, यांच्यासाठी हे नाही. गोळी घेऊन जेवण टाळलं तर साखर इतकी खाली जाऊ शकते की माणूस शुद्ध हरपून पडतो, हेही त्याच पाच मिनिटांत सांगा. मग सभागृहात जे उरतील त्यांच्यापुढे बोला, आणि शेवटी अर्धा तास प्रश्नांना ठेवा.