आजोबांचा शेअर आणि माझा शेअर

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

आमच्या घरी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत साखर कारखान्याच्या शेअरचा एक पिवळा पडलेला कागद आहे. माझे शेअर पाहायचे तर खिशातला मोबाईल काढावा लागतो. आजोबांना हे काही केल्या पटत नाही. "अरे, पण तू ते ठेवलेत कुठं?" असे ते विचारतात, आणि डीमॅट म्हणजे काय हे समजावताना माझीच तारांबळ उडते.

हल्ली वसतिगृहात रात्रीच्या जेवणानंतर गप्पा रंगतात त्या शेअरच्या. त्यात एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आहे, दोन-तीन वर्षांनी माणूस नवा घेतोच. मग मोबाईलवाल्यांचे शेअर घेतले तर बुडणार कसे? युक्तिवाद बिनतोड वाटतो. मलाही वाटला होता, आणि शिष्यवृत्तीचे चार हजार रुपये मी त्यात घातले. (वडिलांना हे वार्षिकांक वाचूनच कळेल.)

पण मोबाईलवाले म्हणजे कोण? सॅमसंगचा शेअर कोरियात, शाओमीचा हाँगकाँगला, ॲपलचा अमेरिकेत. मुंबईच्या बाजारात मिळतात ते मुख्यतः दुसऱ्याच्या नावाचे फोन जोडून देणाऱ्या डिक्सनसारख्या कंपन्यांचे. हा धंदा वाढतो आहे, यात शंका नाही. 2020 साली केंद्र सरकारने उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आणली, 2023 साली टाटांनी कर्नाटकातील विस्ट्रॉनचा आयफोनचा कारखाना घेतला, आणि आज भारतात विकले जाणारे बहुतेक फोन इथेच जुळवले जातात. पण चिप बाहेरची, पडदा बहुधा बाहेरचा. जोडणावळीत नफ्याचे प्रमाण थोडकेच राहते. शिवाय एखाद्या मोठ्या गिऱ्हाईकाने पाठ फिरवली की सारा डोलारा हलतो. महाराष्ट्राच्या वाट्याला काय आले, हे तर विचारूच नये. 2015 साली फॉक्सकॉनने आपल्या राज्याशी पाच अब्ज डॉलर्सचा करार केला होता. तो कागदावरच राहिला.

उद्योग वाढला म्हणजे त्यातली प्रत्येक कंपनी वाढते, ही समजूत तर फारच भाबडी आहे. नोकियाने 2006 साली तामिळनाडूत श्रीपेरंबुदूरला कारखाना काढला. त्या काळी घरटी एक नोकिया होता म्हणा ना! 2014 साली तो कारखाना बंद पडला. मोबाईल घेणारे तेव्हा कमी झाले नव्हते, उलट वाढत होते.

इतक्या लांबही जायला नको. शेवगावहून गोदावरी ओलांडली की पैठण तालुका लागतो, आणि तिथे चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना. आपल्याकडे घरोघरी रंगीत टीव्ही पोचवणारी ही कंपनी मोबाईल हँडसेटमध्ये उतरली, दूरसंचार सेवेतही उतरली. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने 122 परवाने रद्द केले, त्यात तिचेही गेले. तेल, दूरसंचार अशा अनेक व्यवसायांत हात घालताना कर्जाचा डोंगर झाला, 2018 साली प्रकरण दिवाळखोरीत गेले आणि 2021 साली शेअर बाजारातून काढण्याचे ठरले तेव्हा सामान्य भागधारकाला द्यायला काहीच उरत नव्हते. टीव्ही आणि मोबाईल मात्र घरोघरी वाढतच होते.

त्याच शेवगावात 2024 साली काय घडले ते आपण सर्वांनी वाचले आहे, काहींनी सोसलेही आहे. शेअर बाजारात पैसे लावतो, दरमहा भरघोस परतावा देतो, असे सांगून गावोगावचे पैसे गोळा झाले आणि गोळा करणारे रातोरात पसार झाले. कुणाचे कापसाचे पैसे, कुणाचे मुलीच्या लग्नाचे. याला मी शेअर बाजार म्हणणार नाही. पण ज्यांना शेअर म्हणजे काय हे कुणी शिकवले नव्हते, त्यांना फरक कळावा कसा? आणि आपल्याला तरी कुठे कळतो? सेबीच्या 2024 च्या पाहणीत असे दिसले की वायदेबाजारात उतरलेल्या शंभरातल्या त्र्याण्णव व्यक्तींनी आधीच्या तीन वर्षांत पैसे गमावले. आमच्या मजल्यावर त्यातले दोघे राहतात. एकाने परीक्षेची फी त्यात घालवली. ती आम्ही वर्गणी काढून भरली.

शेअर घेऊच नयेत, असे माझे म्हणणे नाही. पण ताळेबंद कसा वाचावा, हे अर्थशास्त्र घेऊनही मला येत नाही, याची लाज वाटते. वाणिज्य विभागातील सरांनी शनिवारी तासभर सर्वांसाठी दिला, तर एखाद्या पाहुण्याच्या व्याख्यानापेक्षा तो अधिक उपयोगी पडेल.

आजोबांचे एक बरे होते. 1950 च्या सुमारास प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी जो सहकारी कारखाना उभा केला, त्याच धर्तीवरचा हा शेअर. कितीही शेअर असोत, मत एकच. ऊस घालायचा आणि सभेला जाऊन भावाविषयी विचारायचे. सहकारातही पुढे काय काय झाले ते आपण जाणतोच; पण निदान धुराडे घरातून दिसत असे.

माझ्या चार हजारांचे आज तीन हजार दोनशे दहा झाले आहेत. "तुमच्या कारखान्याची सभा असते की नाही?" आजोबांनी परवा विचारले. असते. कंपनीचा निरोप मोबाईलवर आला आहे. सभाही मोबाईलवरच, सकाळी अकराला. नेमका तेव्हा आमचा बँकिंगचा तास असतो.